सगळ्यांची नावं आली ना?

लग्न कुणाचंही असो, भांडण पत्रिकेपासून सुरू होतं. हे जहांगीरभाईंचं मत, आणि नांदेडच्या इतवाऱ्यात लग्नपत्रिकांचं दुकान चालवण्यात ज्याची हयात गेली त्याच्या मताला नाही म्हणणारे आपण कोण? कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कुणाच्या आत्याचा जावई राहून गेला, कुणाच्या नावामागं 'साहेब' लावायचं राहिलं. माणसं जेवणावरून एक वेळ गप्प बसतील, नावावरून बसत नाहीत. म्हणून जहांगीरभाईंची एक पद्धत. पत्रिका पक्की करण्याआधी गिऱ्हाइकाला समोर बसवायचं, चष्मा चढवायचा आणि सगळा मजकूर मोठ्यानं वाचायचा. वरच्या ओळीपासून ते 'गाड्या कार्यालयाच्या मागं लावाव्यात' इथपर्यंत. असा खणखणीत, की शेजारचा चहावालाही कान देतो. आणि शेवटी विचारायचं, "सगळ्यांची नावं आली ना? बघून घ्या. मागून भांडण नको."

त्यांची लेक सादिया कॉम्प्युटरचं शिकली आणि दुकानात येऊन बसली. हिची खोड लहानपणापासूनची. जी गोष्ट चालते ती आतून कशी चालते हे बघितल्याशिवाय हिला चैन पडायचं नाही. घरचा मिक्सर तिनं दोनदा उघडला होता आणि एकदाच नीट बंद केला होता.

आताशा कागदाची पत्रिका मानाच्या चार घरांना, बाकी सगळ्यांना मोबाईलवर लिंक. त्या लिंकचं काम सादियाचं. तिची रीत अशी. एका लग्नाची एक फाईल. तिच्यात सगळी माहिती, आणि माहितीच्या प्रत्येक तुकड्याला टॅगची चिठ्ठी चिकटवलेली: हे वराचं नाव, ही तारीख, हे मामा. ह्या फाईलला ना रंग ना रूप. रूप देणारी फाईल वेगळी, तिला म्हणायचं स्टाईलशीट. तिच्यात नुसते नियम: वराचं नाव दिसलं की मोठ्या अक्षरात लिही, मामा दिसले की खालच्या बाजूला ने. कुणी लिंक उघडली की त्याच घडीला माहिती ह्या नियमांतून जाते आणि पान तयार होऊन समोर येतं. मराठी पानाची स्टाईलशीट एक, उर्दू पानाची दुसरी. माहितीची फाईल मात्र तीच, फक्त नावं दोन्ही लिप्यांत भरून ठेवायची.

जहांगीरभाईंना हे एका दमात कळलं. "म्हंजे मजकूर एक आन् साचे दोन. हे आमच्या छापखान्यात पयल्यापासून हाय."

"हौ अब्बा. पण इथं साचा एक आन् लग्नं शंभर. साच्यात एक ओळ बदलली की सगळ्या लग्नांची पानं बदलतात."

हे वाक्य सादिया स्वतःच्या तोंडानं बोलली होती, एवढं ध्यानात ठेवा. पुढं तीच ते विसरणार आहे.

मुखेडकडचे किशनराव मुलाच्या, वैजनाथच्या लग्नाची पत्रिका करायला आले तेव्हाची गंमत. सादियानं निमंत्रकांची नावं अकारविल्हे लावायचा नियम लिहिला होता. सरळ, नीटनेटका. जहांगीरभाई वाचायला लागले: "सौ. केवळाबाई व श्री. किशनराव यांचे चिरंजीव..." इथवर ठीक. पुढं निमंत्रकांत धाकटे केरबा वर आले आणि घरातले थोरले दगडोबा गेले पार तळाला.

किशनरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पोरी, म्या तुजं काय वाकडं केलंय? माज्या घरात वाटण्या करून राहिली का तू?"

सादियाला हसू आलं. यंत्राला थोरला-धाकटा कळत नसतो, ते आपण सांगावं लागतं. तिनं प्रत्येक नावाला वयाचा टॅग लावला, नियमात 'अक्षर' काढून 'वय' घातलं, आणि दगडोबा सरसर वर चढले. किशनरावांनी टोपी परत घातली.

त्या वेळी सादियाची अम्मी, शहजादी, दुपारचा डबा घेऊन दुकानात आली होती. कोपऱ्यात उभं राहून तिनं सगळं वाचन ऐकलं. किशनराव गेल्यावर म्हणाली, "ह्यांच्यात आईचं नाव पयले येतं काय गं?"

"हौ, अम्मी."

"आपल्या लोकांच्या कार्डात मी कुठं असते?"

सादियानं शोधलं. आपल्या लोकांच्या लग्नाच्या फाईलचा आराखडा तिनं अब्बांच्या जुन्या पत्रिका बघून बेतला होता. त्यात अब्बाचा टॅग होता, दादाचा, म्हणजे आजोबांचा होता, मामूंचाही होता. आईचा टॅगच नव्हता. तिनं तसं सांगितलं.

"मामूंचा हाय?" शहजादी म्हणाली. तिचा भाऊ म्हणजे चहाच्या कपात बुडालेलं बिस्कीट, कशाच्या कामाचा नाही. मग तिनं डब्याचं झाकण उघडलं. "नक्को शोधू. जेव."

आता मुद्द्याचं. ह्या दुकानाची एक जुनी चाल होती: उर्दू पत्रिकेत वधूचं नाव घालायचं नाही. 'फलाने साहब की दुख्तर', म्हणजे अमक्यांची कन्या, एवढ्यावर भागवायचं. काही घरं आताशा नाव घालतात, पण जहांगीरभाईंकडं येणारी घरं त्यांच्यासारखीच जुन्या वळणाची. मौज अशी, की त्याच लग्नाची मराठी पत्रिका शेजारीपाजारी, बाजारातल्या आडत्यांना आणि खेड्यातल्या दोस्तांना जायची, तिच्यात वधूचं नाव ठसठशीत असायचं. तिथं कुणाच्या कपाळाला आठी पडायची नाही.

उर्दू पानाची स्टाईलशीट पहिल्यांदा लिहिली तेव्हा सादियानं वधूच्या नावासाठी काही नियमच लिहिला नाही. नियम नाही तर नाव नाही, असा तिचा साधा हिशेब. पान उघडलं तर नाव मधोमध उभं. ना रंग, ना वेलबुट्टी, साध्या अक्षरात, पण आलेलं. ती चक्रावलीच. दोन दिवस ह्याच्यामागं लागली, पुस्तकं उलथीपालथी केली, तेव्हा कळलं की ह्या विद्येचा स्वभावच तसा आहे. ज्या टॅगसाठी कुणी नियम लिहिला नाही, त्याच्यातला मजकूर आपसूक पानावर उतरतो. दाखवायला काही करावं लागत नाही. लपवायचं असेल तर मात्र मुद्दाम नियम लिहावा लागतो: हा टॅग दिसला की काहीही करू नको. रिकामा नियम.

तिला हे इतकं अजब वाटलं की जेवताना घास हातात ठेवून तिनं अब्बांना सगळं सांगितलं. अब्बांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग लिही रिकामा नियम." तिनं लिहिला. तेव्हापासून सगळ्या वधूंची नावं फाईलीत होती आणि उर्दू पानावर एकीचंही नव्हतं.

मग सादियाचंच लग्न ठरलं. उदगीरचे अकरमभाई, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, त्यांचा मुलगा हमजा. मुलगा चांगला, बोलायला थोडा लाजरा, पण सादियानं मिक्सरची गोष्ट सांगितली तेव्हा पोट धरून हसला होता. स्वतःच्या लग्नाची फाईल भरायला बसली आणि 'वधू' ह्या टॅगमध्ये स्वतःचं नाव लिहिताना तिचा हात थांबला. हे आपण भरून राहिलो, आणि हे दिसणार नाही.

राग नव्हता आला तिला. वाईट वाटलं होतं. एवढे लोक आपल्यासाठी जमणार, आणि बोलावण्यात आपण नुसती कुणाची तरी दुख्तर. आणि वाईट वाटण्याच्या पाठोपाठ आली तिची ती खोड. कॉम्प्युटरातला नियम मी लिहिला. त्याच्या आधीचा कुणी लिहिला?

तिनं अब्बांना विचारलं. "चाल हाय बेटा," ते म्हणाले.

"कोणाची?"

"मुलाकडच्यांची. त्यान्ला आवडत न्हाई."

तिनं हमजाला फोन लावला. हमजानं त्याच्या अब्बांना विचारलं आणि उलटा फोन केला. "अब्बा म्हणतात आमचं काही न्हाई. कार्ड मुलीकडचं. तुमच्या अब्बांच्या दुकानाची तशी पद्धत, म्हणून आम्ही गप्प बसलो. जहांगीरभाईंचं मन दुखवू नये म्हणून."

ही बातमी तिनं अब्बांना सांगितली. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "बिरादरीत बरं दिसत न्हाई."

"निकाहात काझीसाब भर मजलिसीत नाव घेऊन विचारतात ना, कबूल हाय का म्हणून?"

"ते येगळं."

"कसं येगळं?"

"गिऱ्हाइकं काय म्हणतील?" हे त्यांचं शेवटचं. ज्याला विचारावं तो दुसऱ्याच्या दाराकडं बोट दाखवत होता, आणि त्या दारात गेलं की तिथला माणूस परत ह्याच दाराकडं. नियम तेवढा चालू, मालक कुणीच नाही. सादियाला ह्याचं इतकं कुतूहल वाटलं की क्षणभर ती स्वतःचं दुःखही विसरली.

आता तुम्ही म्हणाल, ओळ तिच्या हातात होती, पुसायची की. अब्बांना कॉम्प्युटरातलं काय कळतंय? पण सादिया तशी नव्हती. चोरून पुसली तर नाव येईल, पण ते अब्बांनी दिलेलं नसेल. तिला ते नको होतं. तिनं फाईल तशीच भरली, पान तयार केलं आणि प्रूफ वाचायला अब्बांसमोर ठेवलं.

जहांगीरभाईंनी चष्मा चढवला. लेकीचं कार्ड म्हणून आवाज नेहमीपेक्षा जरा वरच लागला. अकरम साहब आले, हमजा आला, 'जहांगीर साहब की दुख्तर' आलं, मामू आले, कार्यालय आलं, गाड्या कुठं लावायच्या ते आलं. चहावाला ऐकत उभा. आणि सवयीनं, समोर कोण बसलंय हे न बघता, त्यांनी विचारलं, "सगळ्यांची नावं आली ना? बघून घ्या. मागून भांडण नको."

"एक राहिलं," सादिया म्हणाली.

"कोण राहिलं?" ते घाईनं कागद उलटा करून बघायला लागले. उभ्या जन्मात त्यांच्या दुकानात नाव राहिलेलं नव्हतं.

"मी."

जहांगीरभाईंनी कागद खाली ठेवला. चहावाला उगाच पेले हलवायला लागला. जहांगीरभाईंनी समोरच्या खुर्चीवर बसलेल्या लेकीकडं बघितलं. आजवर हा प्रश्न त्यांनी किती जणांना विचारला असेल, पण ज्यांना विचारायचे ते सगळे बाप्ये असायचे. वधू कधी त्या खुर्चीवर बसलीच नव्हती.

"नाव आणायला काय लिहावं लागतं?" त्यांनी विचारलं.

"काहीच न्हाई. एक ओळ पुसायची."

"दाखव."

तिनं ओळ दाखवली. जहांगीरभाईंनी तर्जनी पुढं केली, गरम तव्याला लावावी तशी, आणि एक एक अक्षर मागं सारत ओळ पुसली. सादियानं पान परत उघडलं. 'जहांगीर साहब की दुख्तर' आणि त्याला चिकटूनच, साधंसुधं, सादिया.

"हे असं उघडंबोडकं नक्को," ते म्हणाले, आणि त्यांच्यातला जुना कारागीर जागा झाला. "माझ्या नावापेक्षा मोठं कर. खाली वेल दे." सादिया नियम लिहायला लागली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही, दोन्ही हात कामात होते.

इथं तिला साच्याचं ते वाक्य आठवायला पाहिजे होतं. नाही आठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी देगलूरहून एका गृहस्थांचा फोन आला. जहांगीरभाईंच्या फोनचा स्पीकर कायम चालू असतो, त्यामुळं सगळ्या दुकानानं ऐकला. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं होतं, नमुना म्हणून थोरल्याच्या लग्नाची लिंक ते पाहुण्यांना दाखवत होते, आणि त्यात सुनेचं नाव. वेलीसकट. "भाई, तुमच्यावर भरवसा होता," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सादियाला आता ते वाक्य आठवलं. साचा एक, लग्नं शंभर. तिनं एक जुनी लिंक उघडली, दुसरी उघडली, तिसरी. जिथं तिथं नाव. इतक्या वर्षांच्या सगळ्या वधू आपापल्या पानावर येऊन उभ्या होत्या.

जहांगीरभाईंचा चेहरा उतरला. दुकान नावावर चालतं आणि त्यांचं नाव भरवशावर. "तुझं राहू दे," ते हळू म्हणाले. "बाकीच्यांचं झाक."

करता येण्यासारखं होतं. रिकामा नियम परत घालायचा आणि त्यात एवढीच अट लिहायची: वधू जहांगीरची लेक असेल तर सोड. सादियानं लिहायला घेतलं. तिचं काम तर झालेलं होतं, तिचं नाव कुठं जात नव्हतं. तरी अट लिहिताना तिला लाज वाटायला लागली, आणि तेवढ्यात फोन परत वाजला.

"चाचा, मी आलिया. मुखेडहून. माझं कार्ड तुम्हीच केलं होतं. आज सहज लिंक उघडली तर..." मागं लेकरू रडत होतं.

"हां बेटा, चूक झाली," जहांगीरभाई तिला पुढं बोलूच देईनात. "आत्ताच झाकून राहिलो."

पलीकडून लेकराला थोपटल्याचा आवाज आला.

"झाकणार हाव का?" आलिया म्हणाली. "मंग जरा थांबा. फोटो काढून घेते."

खुडबुड ऐकू आली. कुणाला तरी ती म्हणाली, ह्याला धर जरा. मग फोनजवळ येऊन म्हणाली, "झालं. झाका आता," आणि फोन ठेवला.

सादियाची बोटं तशीच होती, अर्ध्या अटीवर. जहांगीरभाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले, परत चढवला.

"पूस ते," ते म्हणाले. "कुणाचंच झाकू नक्को."

मग त्यांनी स्वतः देगलूरला फोन लावला. "भाई, माफ करा. तुमचं पान झाकता येतं, एका घडीचं काम हाय. फकत एक करा, तुमच्या सुनेला विचारा. ती झाक म्हणली की तेवढं एक झाकतो." पलीकडचे गृहस्थ विचारून सांगतो म्हणाले. त्यांचा फोन अजून यायचाय.

त्याच दुपारी शहजादी डबा घेऊन आली. तिला काही ठाऊक नव्हतं. सादियानं खुर्ची दिली, पान दाखवलं. शहजादीनं लेकीच्या नावावरून काचेवरच बोट फिरवलं, आणि म्हणाली, "किती मोठं लिवलंय गं." मग खालचं वाचत गेली. मामूंपाशी येऊन थांबली आणि हसली.

जहांगीरभाईंनी ते हसणं बघितलं. "काय झालं?"

"काही न्हाई. सगळे हायत."

"सगळे न्हाईत," सादिया म्हणाली. "अम्मीचं लपवलेलं नव्हतं, अब्बा. ते भरलेलंच न्हाई. जे फाईलीतच न्हाई ते कितीबी नियम पुसले तरी येणार कुठून?"

जहांगीरभाई बायकोला सादियाची अम्मी म्हणायचे. त्याआधी, सादिया व्हायच्या आधी, नुसतं 'अगं, ऐकलं का' म्हणायचे. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं नाही, हाही एक नियमच, आणि तोही कुणी लिहिला ते कुणाला माहीत नाही.

"टॅग कर एक," ते म्हणाले. "आईचा. माझ्या शेजारी लाव."

सादियानं टॅग केला आणि त्यात नाव भरलं. नियम काही लिहिला नाही. आपसूक आलं, अब्बांच्या नावाला लागून, साध्या अक्षरात. तिनं कागद काढला आणि रीतीप्रमाणं अब्बांच्या हातात दिला, कारण ह्या दुकानात मोठ्यानं वाचल्याशिवाय काही पक्कं होत नाही.

जहांगीरभाई उभे राहून वाचायला लागले. अकरम साहब, हमजा, सगळं खणखणीत. मग ती ओळ आली. ते खाकरले. पाणी प्याले. चहावाला दारात येऊन उभा राहिला होता, त्याच्याकडं त्यांनी बघितलं नाही. ओळ त्यांनी परत सुरुवातीपासून धरली.

"जहांगीर साहब और," ते म्हणाले, आणि थांबले, आणि मग म्हणाले, "शहजादी."

कोपऱ्यात डब्याचं झाकण उघडत असलेल्या शहजादीनं मान वर केली.

"हौ," ती म्हणाली.